माटोळीवरची पाल आणि कानशिलातली खिडकी

चवथीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे गोव्यात माळ्यावरून माटोळी खाली काढतात. बाहेरच्यांसाठी सांगते, माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी पट्ट्यांची चौकट, तिला मग कांगलां, आंबाडे, तोरिंगण, सुपारीचे शिपटे असं रानातलं-बागेतलं सगळं बांधतात, आणि चवथ संपली की ती बिचारी वर्षभर माळ्यावर धूळ खात पडते. यंदा नवऱ्याने ती उतरवली, मी खाली फडकं घेऊन उभी, आणि पहिला झटका दिला तर पट्ट्यांच्या सांध्यातून काहीतरी टपकन माझ्या मनगटावर पडलं. पाल. मेलेली. म्हणजे नुसता सांगाडाच उरलेला, मुंग्यांनी आणि मे महिन्याच्या उकाड्याने साफ करून ठेवलेला, शेपटी गायब आणि एका पायाला अजून वाळलेली कातडी चिकटलेली.

मी किंचाळले, कबूल. सासूबाई आतून ओरडल्या, "उडय गो तें भायर!" आणि मी टाकायलाच निघाले होते, पण डोकं बघितलं आणि हात थांबला. कारण बीएस्सीला झूलॉजी केलेल्या बाईला अशी स्वच्छ कवटी फुकटात मिळणं म्हणजे काय ते इतरांना नाही कळायचं. काडेपेटी रिकामी केली, कापूस घातला, पाल आत. चवथीची साफसफाई नवऱ्यावर सोडून मी खिडकीत बसले, सासऱ्यांचं पोस्टाची तिकिटं बघायचं जुनं भिंग घेऊन. (घरात त्या दिवशी माझ्याबद्दल काय बोललं गेलं ते लिहीत नाही.)

चिकूच्या बीपेक्षाही लहान कवटी. वरून बघितली तर जवळजवळ सगळी डोळ्यांचीच, मधे हाडाची एक अरुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंना ह्या एवढ्या खोबणी. एका खोबणीत पातळ पातळ चकत्यांची रिंग अजून शाबूत होती, कांद्याच्या सालीसारखी, ती डोळ्याच्या आतली हाडं, आपल्याला नसतात. दात म्हणजे कंगव्याचे दाते, पण इतके बारीक की भिंगातूनसुद्धा मोजताना चुकायला होतं. आणि जबडा जिथे कवटीला लागतो तिथे एक छोटं, कानाच्या पाळीसारखं वाकलेलं हाड, क्वाड्रेट, सुईच्या टोकाने ढकललं तर मागेपुढे हलायचं. दुसऱ्या बाजूचं मी ढकलता ढकलता पाडलं. गेलं ते फरशीच्या फटीत.

तेवढ्यात पुतण्या आला. नववीत आहे, सायन्सला माझ्याकडेच बसतो, आणि दोनच आठवड्यांपूर्वी मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कवटीला डोळ्यामागे दोन भोकं असतात, आपल्याला एक, आणि कासवाला एकही नाही. त्याने भिंग घेतलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि म्हणाला, "काकी, हिची दोन भोकं कुठे आहेत?"

आता बोला.

कारण नव्हतीच. डोळ्याच्या मागे जिथे दोन खिडक्या आणि त्यांच्यामधे हाडाची कमान दिसायला हवी तिथे सगळं मोकळंच, भिंतच नाही तर खिडकी कुठली. ह्या पोराच्या एका प्रश्नापायी मी पुढचे चार दिवस नेवऱ्या (म्हणजे करंज्या) तळता तळता मोबाइलवर कवट्या वाचत होते, आणि त्यातून जे डोक्यात बसलं ते इथे उतरवून ठेवते, कारण मी स्वतः बरीच वर्षं हे अर्धवट शिकवत आलेय.

आधी भोकं म्हणजे काय ते. बोटं कानशिलावर ठेवा आणि काहीतरी चावा, पोई, म्हणजे आमचा गोव्याचा पाव, असेल तर उत्तम, ताजी नको, कालची, जरा चिवट झालेली. कानशिलाखाली काहीतरी फुगतंय-आक्रसतंय ना? तो जबड्याचा स्नायू. तो कवटीच्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला असतो आणि तिथून गालाच्या हाडाच्या कमानीच्या आतून खाली जबड्याला जाऊन लागतो. ती कमान आणि तिच्या आतली पोकळी म्हणजेच आपलं ते एक भोक. आपल्या कवटीचा मेंदूकडचा भाग इतका फुगलाय की भोक म्हणून ते ओळखू येत नाही, पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पूर्वजांत ते सरळ डोळ्यामागे खाली एक खिडकी म्हणून दिसतं. खिडकी का पडली ह्यावर बरीच मतं आहेत, स्नायूला पकडायला कडा मिळते, स्नायू फुगायला जागा मिळते, जिथे चावण्याचा ताण येतच नाही तिथे हाड वाढवत बसण्यात फायदा नाही, वगैरे. मला शेवटचं पटतं. आमच्या जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंती बघा, वजन कमानीवरून बाजूंना उतरतं आणि मधे जाळीची खिडकी ठेवली तरी घर शंभर वर्षं उभं.

अमेरिकेतल्या ऑस्बॉर्न नावाच्या शास्त्रज्ञाने १९०३ साली ह्या भोकांवरून सरीसृपांचे दोन मोठे गट पाडले, सिनॅप्सिड आणि डायप्सिड, मग पुढच्या लोकांनी त्यात अनॅप्सिड वगैरे भर घातली. 'अॅप्सिस' म्हणजे ग्रीकमधे कमान. अनॅप्सिड म्हणजे कमान नाही, कवटी मागे सलग बंद. सिनॅप्सिड म्हणजे खाली एक भोक, ही आपली लाइन, सस्तन प्राण्यांची. डायप्सिड म्हणजे वर एक, खाली एक, दोन कमानी, ही मगर, सरडे, साप, डायनोसॉर आणि पक्षी ह्यांची. पाठ करायला इतकं सोपं की परीक्षेला हमखास यायचं, कॉलेजात मी तीन आकृत्या काढून पैकीच्या पैकी मार्क घेतलेत. आकृती काढताना अनॅप्सिडच्या खाली कंसात लिहायचं 'कासव', आणि त्याच्या बाजूला 'सर्वांत आदिम'. सरांनी फळ्यावर तसंच लिहिलं होतं, मीही पुढे माझ्या मुलांना तसंच लिहून दिलं.

जाता जाता एक सांगते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्लॅस्टिकच्या डायनोसॉरचं पाकीट मिळतं, त्यात पाठीवर शिडासारखा पंखा असलेला एक हमखास असतो, डायमेट्रोडॉन. तो डायनोसॉर नाही. डायनोसॉर यायच्या कितीतरी आधी, पर्मियन काळात होता, आणि त्याच्या डोळ्यामागे भोक एकच. म्हणजे नात्याने तो पालीपेक्षा, मगरीपेक्षा आपल्याला जवळचा, चुलत-चुलत का होईना. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग त्याला गणपतीला बोलवायला हवं.

तर सुरुवात कुठून झाली. सगळ्यात जुना, ज्याच्याबद्दल फारसं कुणी भांडत नाही असा सरीसृप म्हणजे हायलोनोमस. कॅनडात नोव्हा स्कोशियाला जॉगिन्स म्हणून एक किनारा आहे, फंडीच्या उपसागरावर, जिथली भरती जगात प्रसिद्ध. आपल्या मांडवीत भरती-ओहोटीला फार तर दोन मीटर फरक पडतो, तिथे पाणी तीन-चार मजले चढतं आणि उतरतं, आणि दर वेळी कड्याचा थोडा थोडा भाग खरवडून नेतं. त्या कड्यात कोळशाच्या काळातलं जंगल उभंच्या उभं दगड होऊन बसलंय, झाडांचे बुंधे अगदी जसेच्या तसे, सरळ. १८५२ साली डॉसन आणि लायेल ह्या भूगर्भशास्त्रज्ञांना तसल्या एका पोकळ बुंध्यात चार पायांच्या प्राण्यांची हाडं सापडली, नंतर डॉसनने आणखी बुंधे फोडले, आणि १८६० मधे ह्या वीतभर प्राण्याला नाव दिलं हायलोनोमस लायेली, म्हणजे अर्थात लायेलच्या मानाने. वय साधारण ३१ कोटी वर्षं.

बुंध्यात कसे काय गेले? आधी म्हणायचे की आतून कुजून पोकळ झालेल्या बुंध्यात हे पडले आणि बाहेर येता येईना. पण तिथे जळालेल्या लाकडाचा कोळसाही सापडतो, त्यामुळे वणव्याने पोकळ झालेल्या बुंध्यात ते बहुतेक राहायलाच जात असावेत, असंही काहीजण म्हणतात. मला हे दुसरं जास्त खरं वाटतं, पण ते माझ्या माळ्यामुळे असेल. अंधारी, कोरडी, किडे भरपूर असलेली फट सापडली की आत शिरून बसायचं, हे माझ्या पालीने माटोळीच्या सांध्यात केलं तेच. ३१ कोटी वर्षांत स्वभाव बदलला नाही.

हायलोनोमसची कवटी मागे बंद. एकही भोक नाही. शिवाय बेडकाच्या जुन्या नातेवाइकांना कवटीच्या मागच्या कडेला कानाच्या जागी जी खाच असते ती ह्याला नाही, दात साधे, टोकदार, किडे फोडायला पुरेसे. म्हणजे 'बंद कवटी आधी, भोकं नंतर' हा हिशोब इथे बरोबर जुळतो. त्यानंतर थोड्याच काळाने, साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी, कॅन्ससमधे गार्नेटला पेट्रोलॅकोसॉरस सापडतो, त्याला चक्क दोन भोकं, वर आणि खाली, कमानी दोन्ही जागेवर. पुस्तकातल्या आकृतीसारखाच डायप्सिड. आणि जॉगिन्सच्या त्याच नोव्हा स्कोशियात फ्लॉरेन्स नावाच्या जागी आर्किओथायरिस, तो एक भोकवाला, आपल्या बाजूचा. म्हणजे पालीचं घराणं आणि आपलं घराणं तेव्हाच वेगळं झालेलं होतं, चुली वेगळ्या मांडून.

(२०२५ मधे तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात एका दगडावर नखं असलेल्या पावलांचे ठसे निघाले, दोन हौशी लोकांना सापडले, वय ३५ कोटींच्या वर. नखं ही सहसा आपल्या ह्या सगळ्या घराण्याची खूण, बेडकांच्या बाजूची नव्हे. म्हणजे ही सगळी गोष्ट आणखी चारेक कोटी वर्षं मागे ढकलायची. पण ठशांना कवटी नसते, त्यामुळे माझ्या भोकांच्या भानगडीत त्यांचा काही उपयोग नाही.)

आता माझी पाल. तिचे पूर्वज दोन भोकंवाले, ह्यात शंका नाही. पण सरड्यांच्या शाखेत खालची कमान तुटली, म्हणजे खालच्या भोकाची खालची चौकटच गेली, आणि तिच्यामुळे जखडलेलं ते क्वाड्रेट हाड मोकळं झालं. मी सुईने हलवलं ते हेच. ते हलतं म्हणून जबडा मागेपुढे सरकू शकतो. सापांनी तर वरचीही कमान टाकून दिली, म्हणून तो बेडूक सबंध गिळतो. आणि पालीनेही वरची कमान टाकली, शिवाय डोळा आणि कानशील ह्यांच्यामधला खांबही जवळजवळ नाहीसा केला. घर मोठं करायला आमच्या शेजाऱ्यांनी आधी पडवीची भिंत पाडली, मग साळेची, आणि शेवटी सगळा एकच हॉल झाला, तसं. त्यामुळे पुतण्याला उत्तर असं, की भोकं आहेत, फक्त त्यांच्या मधल्या भिंती गेल्या म्हणून ती मोजता येत नाहीत. त्याचं समाधान झालं नाही. "मग भोकं मोजून ओळखायचं कसं?" म्हणाला. हा प्रश्न खरं म्हणजे मला कॉलेजात पडायला हवा होता.

न्यूझीलंडचा तुआतारा ह्याच्यावरून आणखी गंमत. दिसायला सरडा, पण १८६७ साली ब्रिटिश म्युझियमच्या ग्युंथरने त्याची कवटी वगैरे नीट बघून सांगितलं की हा सरडा नव्हे, वेगळं घराणं आहे. त्याला दोन्ही कमानी पूर्ण आहेत म्हणून बरीच वर्षं त्याला जुन्या डायप्सिडचा जिवंत नमुना म्हणून मिरवलं. नंतर त्याच्या घराण्यातले जुने फॉसिल सापडले, त्यांच्यात खालची कमान तुटलेलीच. म्हणजे तुआताराने मोडलेली कमान परत बांधली! जुनं म्हणून दाखवलेलं घर नवीन सिमेंटचं निघालं.

आणि आता कासव.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही काणकोणला लग्नाला गेलो होतो, परतताना गालजीबागच्या किनाऱ्यावर थांबलो. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण पावसात मेलेली कासवंही वाहून येतात, आणि सुरूच्या झाडांच्या खाली एक पडलेलं होतं. बरेच दिवसांचं. डोकं जवळपास साफ झालेलं. हात लावला नाही, लावायचा नसतो, कायद्याने गुन्हा आहे आणि वासही तसाच होता, पण नाकाला पदर लावून मी खाली बसून बघितलं. नवरा गाडीतून हॉर्न मारतोय. बाजूने बघितलं तर खरंच कवटी बंद, डोळ्यामागे सलग हाडाचं छप्पर, पुस्तकात काढलेली अनॅप्सिडची आकृतीच. पण मागून बघितलं तर छपराखाली ही मोठी पोकळी, डोक्याच्या मागच्या बाजूने आत उघडणारी, आणि त्या पोकळीत कानाच्या भागाचा एक उंचवटा. जबड्याचा स्नायू मागून येतो आणि त्या उंचवट्यावरून वळून खाली जातो, विहिरीवरच्या कप्पीवरून दोर जावा तसा. हे कप्पीचं मला तेव्हा माहीत नव्हतं, आता वाचताना ते डोकं डोळ्यासमोर आलं. पण तेव्हाही मनात पाल चुकचुकलीच होती, की सगळ्यात आदिम, सगळ्यात साधी कवटी म्हणतात ती ही? ही तर भलतीच खटपटी वाटते. हॉर्न वाजत होता, मी उठले.

झालं असं, की १९९० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी कासवांचा डीएनए तपासायला घेतला आणि ती सगळ्यांच्या खाली, एकटी, आदिम अशी निघालीच नाहीत. ती जाऊन बसली मगरी आणि पक्ष्यांच्या शेजारी. नंतर २०१३ मधे समुद्री हिरव्या कासवाचा आणि मऊ पाठीच्या कासवाचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला, तरी तेच. म्हणजे कासव डायप्सिड, दोन भोकवाल्यांच्या घरातलं, आणि भोकं त्याने बुजवलीत. मी हे सगळं चालू असतानाच मुलांना 'अनॅप्सिड, सर्वांत आदिम' लिहून देत होते.

बरं, बुजवली तर बुजवताना कुणीतरी पकडायला हवं ना. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागातला युनोटोसॉरस, साधारण २६ कोटी वर्षांपूर्वीचा, ज्याच्या फासळ्या इतक्या रुंद की पाठीवर कवच व्हायची तयारी चाललीय असं वाटतं. त्याची ओळख १८९२ पासून होती, पण २०१५ साली त्याच्या कवट्या सीटी स्कॅन करून बघितल्या. मोठ्या प्राण्यांत वरचं भोक दिसत नाही. पिल्लाच्या कवटीत दिसतं! वाढताना एक लांबट हाड त्या भोकावर झाकणासारखं सरकत जातं. हे वाचताना तेल तापून धूर निघाला आणि दोन नेवऱ्या काळ्या झाल्या, पण मी खरंच थरारले, कारण तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी गोष्ट आहे ही, लहानपणी उघडी आणि मोठेपणी झाकलेली. त्याच वर्षी जर्मनीतून पॅपोकेलिस आला, वीतभर, २४ कोटी वर्षांपूर्वीचा, पोटाखाली फासळ्यांची जाळी तयार व्हायला लागलेली, आणि कवटीत दोन भोकं. 'पॅपोस' म्हणजे ग्रीकमधे आजोबा. आजो-कासव. सासूबाईंना हे नाव आवडलं.

हे इतकं छान जुळलंय म्हणून सगळे खूश आहेत असं समजू नका. युनोटोसॉरस कासवांचा पूर्वज नव्हेच, तो वेगळ्याच जुन्या शाखेतला आहे, रुंद फासळ्या दोघांना वेगवेगळ्या आल्या, असं म्हणणारेही आहेत. त्यांचंही वाचलं, त्यांचंही पटतं. मी नेवऱ्या तळणारी बाई, मी कुठे पंच होऊ.

खरा गुंता मात्र कासवापेक्षाही खाली, अगदी मुळाशी आहे. मेसोसॉरस घ्या. पाण्यात राहणारा, लांब तोंडाचा, सुयांसारख्या दातांचा, साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचा. ब्राझीलमधे सापडतो आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडे सापडतो, आणि एवढासा प्राणी अख्खा अटलांटिक पोहणार कसा, म्हणून खंड एकेकाळी जोडलेले होते ह्याचा पुरावा म्हणून त्याचं नाव शाळेच्या पुस्तकातही येतं. त्याचा सगळ्यात पहिला नमुना म्हणे दक्षिण आफ्रिकेत कुणाच्या तरी घरात भांड्यावर झाकण म्हणून वापरात होता. पाटीसारखा चपटा दगड, झाकणाला बरा. तर ह्या मेसोसॉरसची कवटी कितीतरी वर्षं बंद म्हणून काढली जायची, आणि २०१२ मधे काही संशोधकांनी दाखवलं की नाही, खाली एक भोक आहे. आपल्यासारखं, पण तो आपल्या बाजूचा नाही.

आणि तो एकटाच नाही. पॅरारेप्टाइल म्हणून जे जुने सरीसृप एका खोक्यात भरलेले होते, बंद कवटीवाले म्हणून, त्यांच्यातल्याही कितीतरी जणांना खालचं भोक निघालं. म्हणजे मग खालचं भोक सगळ्यांच्याच मूळ पुरुषाला होतं आणि काहींनी बुजवलं, की वेगवेगळ्या घरांनी आपापली भिंत फोडली? ह्यावर सध्या दणकून भांडण चालू आहे. गेल्या काही वर्षांत जी झाडं, म्हणजे वंशावळी, छापून आल्या त्यांत कुणी ही पॅरारेप्टाइल मंडळी उचलून थेट डायप्सिडांच्या घरात नेऊन बसवतं, कुणी कॅप्टोरायनससारख्या जुन्या खात्रीच्या सरीसृपालाच घराबाहेर काढून अंगणात उभं करतं.

कॅप्टोरायनस माझा आवडता, म्हणून दोन ओळी. अमेरिकेत ओक्लाहोमात रिचर्ड्स स्पर नावाची चुनखडीची खाण आहे, आपल्या चिरेखाणीसारखीच धूळ आणि मशिनं, आणि त्या चुनखडीतल्या जुन्या गुहांच्या भेगांत हाडंच हाडं, खनिज तेल मुरून काळी झालेली. त्यात ह्याच्या कवट्या ढिगाने. वरून हृदयाच्या आकाराची, मागे बंद, पुढे नाक खाली चोचीसारखं वळलेलं आणि आत दातांच्या एकाशेजारी एक रांगा, किसणीच जणू. इतकी हाडं, इतकी स्कॅन, आणि तरी तो नक्की कुणाचा कोण ह्यावर एकमत नाही. ह्या कुळातल्या एकाचे अवशेष आपल्याकडे तेलंगणात कुंदारमच्या पर्मियन खडकांत निघालेत, १९७० च्या दशकातच त्याची नोंद झालीय. गोव्यात मात्र शोधायला जाऊ नका. आपला खडक एक तर इतका म्हातारा की तेव्हा हाड नावाची वस्तूच जगात नव्हती, नाहीतर सत्तरीकडे सह्याद्रीचा लाव्हा, आणि वर सगळ्यावर जांभ्याची गादी. मधली पानं फाटलेलीच. पुतण्या मागच्या डोंगरावर हातोडी घेऊन निघाला होता, त्याला हे सांगून थांबवलं.

पण कवटी बघायची हौस असेल तर जिवंत आहेत की. कुंभारजुव्याच्या कालव्यात ओहोटीला चिखलावर मानगे, म्हणजे मगरी, पहुडलेले दिसतात, होडीतून माझा तरी कधी फुकट फेरा झाला नाही. त्याच्या डोक्यावर, डोळ्यांच्या मागे वर बघा, कातडीखाली दोन खळगे असतात, ती वरची भोकं. खालची बाजूला. कमानी दोन्ही शाबूत. डायप्सिड बघायचा तर असा, कुठे काही पाडलेलं नाही, बुजवलेलं नाही. फोंडा तालुक्यात, दुर्भाटला पौष अमावास्येला मानगेथापणी करतात, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, कडेला मातीचा मानगा थापून त्याची पूजा, बांध सांभाळ आणि आम्हाला काही करू नकोस म्हणून. सासूबाईंचं माहेर तिकडचं. त्यांना मी विचारलं, तुमच्या मातीच्या मानग्याला डोळ्यामागे भोकं पाडता का. त्या म्हणाल्या, "तुका खुळ लागलां." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या की बोटांनी थापताना डोक्यावर खळगे आपोआप पडतातच.

आता पुतण्याच्या वहीतलं ते पान मी स्वतः खोडलं. 'कासव, सर्वांत आदिम' वर रेघ, आणि बाजूला लिहिलं, 'भोकं बुजवलेली'. भोकं मोजायचा तक्ता ठेवलाय, कारण सुरुवातीला तोच हाताशी लागतो, पण त्याच्याखाली पालीचं चित्र त्यानेच काढलंय, भिंती पाडलेलं, आणि तुआताराचं, कमान परत बांधलेलं. परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क जातील, पुस्तकात आहे तेच लिही, असंही सांगितलं. काय करणार.

माटोळी टांगली. कांगलां यंदा कमीच मिळाली आणि महाग. आरतीच्या वेळी वरच्या पट्टीवरून एक जिवंत पाल सुपारीच्या शिपट्यावर उतरली, दिव्याकडे येणाऱ्या किड्यांसाठी, मान वाकडी करून बघत बसली, आणि सगळे डोळे मिटून 'घालीन लोटांगण' म्हणत असताना पुतण्या आणि मी तिच्या कानशिलाकडे बघत होतो. सासूबाईंनी एक डोळा उघडून आम्हा दोघांना पकडलं. काडेपेटी मी नंतर शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमधे ठेवलीय, पडलेलं क्वाड्रेट अजून फरशीच्या फटीतच आहे.